वाजवी

राज्यशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि मराठी विभागाचा कार्यभार कमी पडत होता. म्हणून पहिल्या वर्षाचा राज्यघटनेचा सक्तीचा पेपर आम्हा दोघांच्या वाट्याला आला. भाषेच्या माणसाला काय, काहीही वाचून दाखवता येते, असा एक समज आमच्याकडे दृढ आहे. खरे सांगायचे तर आम्हीही तो पेपर वाचून दाखवण्याच्याच बेताने घेतला. घटनादुरुस्त्यांचे प्रकरण पुस्तकात कोष्टकाच्या रूपात होते. डावीकडे क्रमांक, मध्ये वर्ष, उजवीकडे एका ओळीत आशय. विद्यार्थ्यांनी ते पाढ्यांसारखे पाठ करावे आणि आम्ही हजेरी घ्यावी, इतकेच त्यात होते. पण कोष्टकाच्या पहिल्याच ओळीपाशी, म्हणजे १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीपाशी, आम्ही अडकलो ते अजून तिथेच आहोत. त्याची ही हकीगत.

या दुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले. त्यात जे कायदे घातले जातील ते मूलभूत हक्कांशी विसंगत आहेत या कारणावरून न्यायालयाला रद्द ठरवता येणार नाहीत, अशी ती तजवीज होती. तिचे निमित्त जमीनसुधारणांचे. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द केला होता, आणि अन्य राज्यांतही जमीनदार न्यायालयात गेलेले होते. पहिल्या यादीत तेरा कायदे होते. पहिला बिहारचा. दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो १९४८चा मुंबईचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा होता. आपल्याकडे ज्याला नुसता कूळकायदा म्हणतात तो.

हा कायदा आमच्या दोघांच्याही घरात लहानपणापासून आहे. एका घरात ‘कूळकायद्यात जमीन मिळाली’ असे म्हणतात, दुसऱ्या घरात ‘कूळकायद्यात जमीन गेली’. सप्तमी तीच, क्रियापद वेगळे. पहिल्या घरातले आजोबा दुसऱ्याच्या रानात खंडाने राबत. १९५६ मध्ये मूळ कायद्यात मोठी सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले गेले. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची, कुळाने ती हप्त्यांनी फेडायची. किंमत ठरवण्याचे कलम ३२ग. त्या घरातल्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ‘बत्तीस ग’ तिला येत असे, आणि हप्त्यांच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात देवाच्या फोटोमागे असत. दुसऱ्या घरातले आजोबा पुण्यात शाळामास्तर. गावी चार एकर, कुळाकडे लावलेली. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची सोय कायद्यात होती, तिला मुदत होती, आणि मास्तरांनी ती जाऊ दिली. नांगर कोण धरणार होते? ‘चार एकरांचा कसला जमीनदार?’ हा त्यांचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत टिकला. तो प्रश्न खोटा होता असे आज आमच्यातल्या कुणालाच म्हणवत नाही. पत्र्याचा डबाही खोटा नव्हता. एका खोलीत टेबलाला टेबल लावून बसण्याला आम्हाला वीस वर्षे होत आली, पण हा विषय आमच्यात पहिल्यांदा निघाला तो त्या यादीमुळे.

जाता जाता एक भाषिक गंमत. कूळ मालकाला देते तो खंड, आणि घटनेच्या मराठी पाठात अनुच्छेदाच्या पोटभागालाही खंडच म्हणतात. अनुच्छेद १९, खंड (२) असे फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरचा शेतकऱ्याचा मुलगा हसतो. तो का हसतो हे कळायला आम्हाला दोन तास लागले.

आता त्याच खंडाकडे येऊ, कारण साहित्याच्या माणसाला बोचणारा भाग तिथे आहे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. मुंबईहून निघणारे रमेश थापर यांचे ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचारांचे साप्ताहिक मद्रास सरकारने आपल्या हद्दीत येऊ दिले नव्हते. दिल्लीत ‘ऑर्गनायझर’ या उजव्या विचारांच्या साप्ताहिकावर पूर्वतपासणीची सक्ती झाली होती. न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण त्या वेळच्या खंड (२)मध्ये नव्हतेच. सरकारने मग तो खंडच बदलायला घेतला. १२ मे १९५१ रोजी पंडित नेहरूंनी विधेयक मांडले, कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी सभागृहात त्याचे समर्थन केले, श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. ज्या हंगामी संसदेने दुरुस्ती केली ती म्हणजे, थोडा फरक सोडला तर, सव्वा वर्षापूर्वी घटना लिहिणारी मंडळीच. आपल्याच मजकुराचे मुद्रितशोधन इतक्या लवकर करावे लागलेले लेखक विरळाच. सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधास चिथावणी ही तीन नवी कारणे आली, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, जणू ती पहिल्या दिवसापासून तिथे होती.

एवढेच असते तर आम्ही त्या दुरुस्तीला लेखकाची वैरीण म्हणून मोकळे झालो असतो. वर्गात तसे म्हणूनही झाले होते. मग दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचले, जुन्या पोथीचे पाठभेद वाचावेत तसे, आणि आमची चूक ध्यानात आली. निर्बंधाच्या आधीचे ‘वाजवी’ हे विशेषण मूळ खंड (२)मध्ये नव्हते. सभास्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य यांच्यासंबंधीच्या खंडांत होते. भाषणस्वातंत्र्याच्या खंडात नव्हते. मे महिन्यात मांडलेल्या विधेयकातही ते नव्हते. टीका झाली, विधेयक प्रवर समितीकडे गेले, आणि समितीने हा एक शब्द घातला. निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार त्या एका विशेषणाने न्यायालयाला दिला. तीन कारणे सरकारला मिळाली, एक शब्द नागरिकाला. सौदा बरोबरीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण गेल्या पाऊणशे वर्षांत लेखक, नट, पत्रकार न्यायालयात ज्या शब्दाचे बोट धरून उभे राहिले, तो याच दुरुस्तीने दिलेला आहे. शब्दही पाहा कसा: अरबी ‘वाजिब’पासून आलेला, आणि आपल्या तोंडी रुळलेला तो वाजवी भावाच्या रूपाने. इंग्रजी शब्दाच्या पोटात विवेकबुद्धी आहे. आपल्या शब्दाला बाजाराचा वास आहे. भाव वाजवी आहे की नाही, यावर घासाघीस करता येते.

हे सगळे आम्ही रंगून सांगत होतो, तेव्हा एक विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, माझ्या कवितेवरचा निर्बंध यातल्या कुठल्या शब्दात बसतो?”

इथे थोडे मागे जावे लागेल. त्याआधी दोन महिने विभागाच्या भित्तिपत्रकात तिची एक कविता लागली होती. एसटी स्टँडवर लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. दुष्काळी उन्हात त्या फ्लेक्सच्या सावलीला जनावरे उभी आहेत, असे चित्र होते. नाव कुणाचे नव्हते. तिसऱ्या दिवशी निरोप आला: कविता छान आहे, पण वातावरण बिघडायला नको. लेखी काही नाही, आदेश नाही, आवाजही चढलेला नाही. आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी काच सरकवून कविता काढली आणि तिथे वक्तृत्व स्पर्धेची सूचना लावली. तिला सांगितले, “तुझ्याच भल्यासाठी.” ती तेव्हा काहीच बोलली नाही.

आता फळ्यावर आमच्याच अक्षरात सगळी कारणे होती. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्री, सभ्यता, नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, चिथावणी, आणि १९६३च्या सोळाव्या दुरुस्तीने आलेली देशाची सार्वभौमता व एकात्मता. वर्गाने एकेक शब्द तपासला. जनावरे सावलीत उभी राहिल्याने कुठल्या राष्ट्राशी मैत्री बिघडते, असे कुणीतरी विचारले, हशा झाला. मग मागच्या बाकावरून शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, “पण मॅडम, निर्बंध कायद्यानं घालायचा असतो असं लिहिलंय ना? मग फोननं कसा?” तास संपल्याची घंटा झाली, आणि आम्ही तिचे उपकार मानले.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ फोनवर भांडलो. भांडण त्या कवितेवरून नव्हते. तिच्याविषयी बोलायला दोघांकडेही तोंड नव्हते. भांडलो नवव्या परिशिष्टावरून. कारण ज्या कपाटात आजीचा कूळकायदा सुरक्षित ठेवला, त्याच कपाटात ऑगस्ट १९७५च्या एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने ‘मिसा’ ठेवला गेला, आणि १९७६च्या चाळिसाव्या दुरुस्तीने आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनाला प्रतिबंध करणारा कायदा. कपाट तेच, किल्ली तीच. आमच्या गावापासून कऱ्हाड तासाभरावर आहे. १९७५च्या डिसेंबरात तिथल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास घडला. आमचा दोघांचाही जन्म त्यानंतरचा. दुर्गाबाईंवर आम्ही दरवर्षी शिकवतो, आणि बरे शिकवतो. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते दोन्ही कायदे परिशिष्टातून काढले. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून उचलून अनुच्छेद ३००अ मध्ये नेऊन ठेवला, म्हणजे मास्तरांच्या प्रश्नावरही एक प्रकारे पडदा पडला. परिशिष्ट पुढे २८४ क्रमांकापर्यंत वाढले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे केशवानंद भारती निकालानंतर, त्यात आलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. कूळकायदा त्या तारखेच्या अलीकडचा नाही, फार आधीचा आहे. तो सुटला.

मास्तरांच्या घरातल्याचे म्हणणे असे की न्यायालयाला दार बंद करण्याची सवय एकदा लागली की ते कुणासाठी बंद केले हे महत्त्वाचे राहत नाही. पावत्यांच्या घरातल्याचे म्हणणे असे की दार उघडे असते तर वकील मालकाला परवडला असता, कुळाला नव्हे. मग आम्ही दोघे एका स्टाफरूममध्ये बसलोच नसतो. आमचे एकमत झाले नाही. अजूनही झालेले नाही.

कवितेचे मात्र काहीतरी करणे भाग होते. काढली तेव्हाची मूळ प्रत आमच्यातल्या एकाने कोशात घडी करून ठेवली होती. का ठेवली ते त्यालाही सांगता आले नाही. आम्ही मुलीला बोलावले, चुकलो असे सांगितले, कविता पुन्हा लावायची आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने स्वच्छ अक्षरात नवी प्रत आणून दिली. ती वाचताना काहीतरी कमी वाटले. मूळ प्रत शेजारी ठेवली, तेव्हा दिसले की जनावरांची ओळ तिने स्वतःच गाळली आहे.

“ही कुठे गेली?” आम्ही विचारले.

“असू दे मॅडम. एवढं वाजवी आहे.”

दोन्ही प्रती आम्ही तिच्यापुढे ठेवल्या आणि कुठली लावायची ते तू ठरव म्हणून सांगितले. त्याला पंधरा दिवस झाले. वक्तृत्व स्पर्धा होऊन गेली, सूचना काढली आहे. काचेमागे सध्या काही नाही.