मालवणचा समुद्र एका चौकोनात

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रापण ओढायला सकाळी तीस-चाळीस माणसं किनाऱ्यावर. दोन तास ओढलं आणि जाळ्यात आली जेमतेम दोन टोपल्या मासळी. बांगडा तर नावालाच. माझे मामा छातीभर पाण्यातून बाहेर आले, लुंगी पिळता पिळता मला म्हणाले, "पाणी तापलाहा. तुझ्या त्या कंप्यूटरात दिसता काय ता?"

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ज्याच्याकडे कंप्युटर आहे त्याला सगळं दिसतं, अशी मामांची समजूत आहे. मी म्हटलं, बघतो.

आणि खरंच, बघायला कोणी अडवत नाही. मला वाटलं होतं अर्ज, शिक्के, 'वरून परवानगी' असलं काहीतरी असणार. तसं काहीच नाही. अमेरिकेची नोआ ही संस्था सगळ्या जगातल्या समुद्रांच्या पृष्ठभागाचं रोजचं तापमान फुकट देते, सप्टेंबर १९८१ पासून आजपर्यंतचं. नासाकडे २००२ पासूनचं आणखी बारीक जाळीचं आहे, फक्त नाव नोंदवून खातं उघडावं लागतं. युरोपवाल्यांचं कोपर्निकस आहे. आपलंही आहे बरं का. इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाने आपला समुद्र बघतात आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या मॉसडॅकवर नोंदणी केली की ती माहिती मिळते. गावातल्या रेंजवर रात्री बारानंतर डाउनलोड लावायचं, सकाळी फाइल तयार. खर्च शून्य.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. ही फाइल एक्सेलमध्ये उघडत नाही. तिचा प्रकारच वेगळा, त्यासाठी थोडं पायथन शिकावं लागतं. मी आणि बारावीची चार पोरं आठ दिवस झटत होतो. शेवटी नासाच्या फाइलमधून मालवणसमोरचा आकडा निघाला: ३०२. पोरं ओरडली, "सर, मामांचं पाणी उकळून वाफ झाली!" आकडा केल्विनमध्ये होता. २७३ वजा केले, २९ अंश आले. फिजिक्सच्या मास्तरची अशी फजिती झाली की वर्ग वर्षभर विसरत नाही.

पण खरा धडा पुढेच होता. नोआची जाळी पाव अंशाची आहे, म्हणजे आपल्याकडे एक चौकोन साधारण २७ किलोमीटर लांबी-रुंदीचा. मालवणचा चौकोन मी नकाशावर आखून बघितला. दक्षिणेची कड देवबागच्या आसपास, उत्तरेची आचऱ्याच्या पुढे, पूर्वेची मालवण शहराच्या थोडी मागे. पश्चिमेला तो जातो जवळपास २२ किलोमीटर समुद्रात. २२ किलोमीटर म्हणजे १२ सागरी मैल, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतलं सगळं पाणी. किल्ला, खाडीची मुखं, प्रवाळ, रापणीच्या जागा, ट्रॉलरवाल्यांशी भांडणं होतात तो पट्टा, या सगळ्याला दिवसाला मिळून एक आकडा! मामांची रापण किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या पलीकडे जात नाही.

नासाची जाळी एका किलोमीटरची आहे, मग ती वापरा की, असं कोणी म्हणेल. मीही तेच म्हटलं होतं. पण जाळी बारीक आखली म्हणून नजर बारीक होत नाही. एका किलोमीटरपर्यंत बघणारे उपग्रह पाण्यातून येणारे अवरक्त किरण मोजतात आणि ते किरण ढगातून आरपार येत नाहीत. ढगातून बघणारे मायक्रोवेव्हवाले उपग्रह वेगळे. त्यांची नजर पुन्हा पंचवीस-पन्नास किलोमीटरची आणि जमीन जवळ आली की त्यांचं गणित बिघडतं. म्हणजे जून ते सप्टेंबर, कोकणावर ढगांचं घोंगडं असताना, किनाऱ्याजवळच्या पाण्याचा जो आकडा फाइलमध्ये दिसतो, तो बहुतेक वेळा आजूबाजूच्या आणि आधीच्या दिवसांच्या मोजणीवरून बसवलेला अंदाज असतो. यात फसवणूक नाही. अंदाजात चूक किती असू शकते त्याचा वेगळा रकाना ते लोक प्रामाणिकपणे देतात. तो रकाना आपण उघडत नाही, एवढंच.

शिवाय अवरक्त किरणांतून कळतं ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याचं तापमान, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. बांगडा त्या पापुद्र्यात राहत नाही.

मग ही सगळी माहिती निरुपयोगी का? अजिबात नाही. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था याच तापमानावरून आणि पाण्यातल्या हिरव्या द्रव्यावरून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते सांगते. बंदरापासून दिशा, अंतर, खोली, सगळं मराठीतसुद्धा आणि फुकट. मोठ्या यांत्रिक बोटींचं डिझेल त्याने वाचतं. चक्रीवादळांचा अंदाज बांधताना समुद्र किती तापलाय हे याच मोजणीतून कळतं. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आपण सगळ्यांनी त्याचा अर्थ अंगावर घेतलाय. चाळीसेक वर्षांचे आकडे मांडले तर आपल्या चौकोनाची रेघही वरच जाते. आमच्या पोरांनी ती काढून वर्गात लावली आहे. अरबी समुद्र तापतोय, यात शंका नाही.

पण रापणीच्या माणसाला होडी घेऊन चाळीस किलोमीटर जायचं नसतं. तो मासा किनाऱ्याला येण्याची वाट बघतो. त्याच्या पाण्यात काय चाललंय हे कोणी मोजत नाही, आणि माझा मुद्दा इथेच आहे.

का मोजायला हवं, ते सांगतो. मागे एका कार्यालयात मच्छीमारांच्या शिष्टमंडळासोबत गेलो होतो. पर्ससीन आणि एलईडीच्या बेकायदा मासेमारीची तक्रार केली, तर साहेब म्हणाले, "अहो, हवामान बदललंय, समुद्र तापलाय, मासा खाली गेला." बरं, म्हणून त्याच बैठकीत मत्स्यदुष्काळाचा विषय काढला आणि समुद्र तापल्यामुळे मदत द्या म्हटलं, तर उत्तर आलं, "त्याचा पुरावा काय?" चहा संपायच्या आत समुद्र तापला आणि गारही झाला!

आंब्याचं बघा. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद ठरलेल्या काळात ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की बागायतदाराचा दावा उभा राहतो. त्या योजनेतही घोळ आहेत, मला माहीत आहेत, कमेंटमध्ये सांगू नका. पण भांडायला निदान एक आकडा तरी असतो. दुष्काळाला केंद्राची २०१६ ची नियमावली आहे: पाऊस किती, जमिनीत ओल किती, उपग्रहातून पिकांची हिरवाई कशी दिसते. आता २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मग मत्स्यदुष्काळ कोणत्या मोजमापावर ठरवणार? निकष ठरवायला बसतील तेव्हा कोणीतरी हुशार माणूस उपग्रहाचा आकडा पुढे करेल, आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं सगळं पाणी एका चौकोनात बसवून मोकळा होईल.

यात मामांची बाजू घेऊन मी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी बांगडा आला नाही तो पाणी तापल्यामुळे की रात्री बाहेर दिवे लावून कोणीतरी उचलल्यामुळे, हे माझ्या फाइलमधून ठरत नाही. ठरवायचं तर किनाऱ्यावरचं पाणी रोज मोजलेलं हवं आणि रापणीत काय आलं तेही रोज लिहिलेलं हवं, निदान काही वर्षं. प्रत्येक मासळी उतरवण्याच्या केंद्रावर जेटीला एक तापमापक आणि त्याचा आकडा सगळ्यांना दिसेल असा फलक. एवढ्याला कितीसा पैसा लागतो? जेट्यांच्या उद्घाटनाला मांडव घालतात, त्यातून निघेल.

तोवर आम्ही वही सुरू केली आहे. रापणसंघातल्याच एकाची मुलगी अकरावीला आहे, ती लिहिते. सकाळी सात वाजता गुडघाभर पाण्यात जाऊन बादली भरायची, तापमापक दोन मिनिटं बुडवायचा, बादली सावलीत ठेवून आकडा वाचायचा. शेजारी भरती की ओहोटी, वारा कुठला, ढग किती आणि रापणीत आलेल्या मासळीच्या टोपल्या. तापमापक महिन्यातून एकदा वितळत्या बर्फात घालून शून्य दाखवतो का ते बघतो. उपग्रहाचा त्या दिवशीचा आकडा मी संध्याकाळी शेजारच्या रकान्यात भरतो. कधी दोन्ही जुळतात, कधी जुळत नाहीत. जुळत नाहीत त्या दिवसांपुढे ती मुलगी लाल टिंब देते.

वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग, हर्णै, श्रीवर्धन, जिथे कुठे तुम्ही किनाऱ्याला राहत असाल आणि घरात एखादं चिकाटीचं पोर असेल, तर अशीच वही सुरू करा आणि मला मेसेज करा. रकाने कसे आखायचे त्याचा फोटो पाठवतो. वेळ मात्र रोज एकच ठेवा, आणि आकडा आवडला नाही म्हणून खोडू नका.