चालण्यास जागा

सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहास्तव दादरच्या हिंदू कॉलनीतील भाड्याची जागा सोडून मी पुण्याच्या सीमेवर नव्याने उठलेल्या एका वसाहतीत राहावयास आलो, आणि वर्ष सरते न सरते तोच रक्तातील साखरेने डोके वर काढले. डॉक्टरांनी रोज चालण्याचा हुकूम फर्मावला. परंतु चालावे कोठे, याचा उलगडा त्यांच्या चिठ्ठीत नव्हता. फाटकाबाहेर पदपथ म्हणून जी पट्टी आहे तिच्यावर कोठे विजेचे रोहित्र, कोठे दुचाक्यांची रांग, कोठे उघडे गटार. आणि भाजीचे दुकान समोर दिसत असूनही मध्ये सहापदरी रस्ता आडवा आल्यामुळे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा मोटार काढावी लागते.

दादरला असताना मी व्यायाम असा कधी केलाच नाही. भाजी, टपाल, वाचनालय, स्टेशन, आणि सायंकाळी झाडांच्या सावलीतून माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सपर्यंत रमतगमत जाणे, या नित्याच्या व्यवहारातच देहाला लागणारे चालणे परस्पर होऊन जाई. १८९६ च्या प्लेगाने मुंबई हादरल्यावर १८९८ साली सरकारने जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, त्यानेच दादर-माटुंग्याची ही आखणी केली. हवा आणि उजेड हीच त्या आखणीकारांची मुख्य विवंचना. म्हणून त्यांनी रस्ते रुंद ठेवले, इमल्यांत अंतर राखले, उद्याने सोडली. पादचाऱ्याचे हृदय वा स्वादुपिंड त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. (याच ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून जितक्या गोरगरिबांना बेघर केले तितक्यांना निवारा दिला नाही, हेही त्याच्या जमाखर्चात मांडलेच पाहिजे.)

लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दुमजली बसचा दिवसभर बसून राहणारा चालक आणि तिच्या जिन्यावरून अखंड चढउतार करणारा वाहक यांची तुलना केली, तेव्हा वाहकांमध्ये हृद्रोगाचे प्रमाण कमी आढळले. तो वाहक जिना चढत होता तो प्रकृतीसाठी नव्हे, तिकिटे देण्यासाठी! म्हणूनच निग्रहाचा उपदेश मला अपुरा वाटतो; चालणे नित्याच्या व्यवहारात आपसूक घडावे अशी शहराची आखणीच हवी.

शहराचा विकास आराखडा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपल्या भूखंडावर आरक्षण पडले की काय एवढेच पाहून आपण नकाशा मिटतो. पुढच्या खेपेस वाचकांनी घरापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर बोट ठेवून पायी जाणाऱ्यास किती जागा सोडली आहे ते विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मुदतीत लेखी हरकत दाखल करून तिची पोच घ्यावी.