मोटर बंद असताना

सायकलीला मोटर बसवायची तर ती जोर किती लावते हे नंतर बघावं. बंद असताना ती चाकाला कितपत मोकळं सोडते, हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानात बोलणं वॉट आणि व्होल्टवरच चालतं. बंद मोटरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला मात्र हा प्रश्न लहानपणीच कळला होता, आमच्या अण्णांच्या सायकलच्या डायनॅमोमुळे.

अण्णा सांगलीहून मिरजेला कामावर जायचे, काळ्या अठ्ठावीस इंची सायकलवर. रस्ता सपाट, पण विश्रामबाग मागे पडलं की वारा समोरून यायचा. अंधार पडला की खाली उतरून डायनॅमोचा खटका दाबायचा. स्प्रिंगच्या जोरावर त्याची चकती टायरला चिकटायची, घूंऽऽ सुरू व्हायचं आणि पायाला ताबडतोब फरक कळायचा. सहा व्होल्ट, तीन वॉटचा तो दिवा. तेवढ्यासाठीसुद्धा पायडल जड व्हायचं. चांदणं असलं की अण्णा डायनॅमो लावत नसत. कॅरिअरवरून मी दिव्यासाठी हट्ट केला तर म्हणायचे, "दिसतंय की सगळं, उगाच कशाला चाक अडवायचं?"

पुढे मी पुण्यात आलो आणि स्कूटरवर बरीच वर्षं गेली. सायकल परत आली ती गुडघ्यासाठी. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, फक्त चढावर गुडघ्याला ताण देऊ नका, ही अट घातली. मी राहतो कोथरूडला आणि मुलीचं घर बावधनला. मध्ये चांदणी चौकाचा चढ. म्हणजे मला मोटर हवी होती ती तेवढ्या चढापुरती. बाकी रस्ता माझा मलाच चालवायचा होता.

हबमध्ये मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मोटर मागच्या चाकाच्या मध्यात, बॅटरी सायकलच्या चौकटीत. त्यात गिअर नव्हते. आजही तो प्रकार मिळतो, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. चाक जेवढं फिरेल तेवढीच मोटर फिरते. झिजायला आत फारसं काही नाही, आवाज जवळजवळ नाही, उतारावर थोडी वीज बॅटरीत परतही येते. पण वजन पाच-सहा किलोंच्या घरात, आणि वीज बंद केली तरी आतली चुंबकं चाकाला धरून ठेवतात. दुकानात मी असं चाक हातात घेऊन फिरवलं तेव्हा बोटांना जे जाणवलं, ते ओळखीचं होतं. खटका काढताच न येणारा डायनॅमोच तो.

दुसरा प्रकार गिअरवाला. आमच्या मिस्त्रींकडे अशी एक मोटर दुरुस्तीला आली होती, ती त्यांनी माझ्यासमोर उघडली. मधल्या छोट्या पोलादी दात्याभोवती नायलॉनची तीन पांढरी चाकं, त्यांच्यावर ग्रीसचा थर. आतली मोटर बाहेरच्या चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरते आणि हे गिअर तो वेग उतरवून जोर वाढवतात. म्हणून लहान मोटर पुरते, वजन तीन किलोंच्या आसपास राहतं. मिस्त्रींनी आतला एकदिशा क्लच हाताने फिरवून दाखवला. एका बाजूला तो घट्ट धरतो, दुसऱ्या बाजूला अलगद सुटतो. वीज बंद झाली की चाक मोटरीला सोडून पुढे पळतं. माझी निवड तिथेच ठरली. नायलॉनचे दाते कधीतरी झिजतील, पण ते बदलता येतात.

सपाट रस्त्यावर रोज ओझं घेऊन जाणाऱ्या दूधवाल्याला मी दुसरा सल्ला देईन. त्याची मोटर सतत चालूच असणार, मग चुंबकांची ओढ त्याला कुठे जाचणार?

ताकदीचा हिशोब फार मोठा निघत नाही. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो, शंभर मीटरला पाच मीटर चढ, वेग ताशी १२ किलोमीटर, तर चढण्यासाठी साधारण १६० वॉट लागतात. त्यातले सत्तर-ऐंशी माझे पाय देतात. म्हणून २५० वॉटची मोटर घेतली. सायकल मोटार वाहनांत मोडू नये यासाठी आपल्याकडे मर्यादाही तीच आहे, २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर. त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या मोटरीच्या फेऱ्या. सव्वीस इंची चाकाला मिनिटाला २०० फेऱ्या म्हणजे ताशी २५ च्या आसपास. वीस इंची चाकासाठी गुंडाळलेली, तीनशेवर फेऱ्यांची मोटर मोठ्या चाकात घातली तर सपाटीवर सुसाट जाईल, पण तेवढ्याच करंटला तिचा जोर कमी भरतो. आणि मोटर कोणतीही असो, चढावर चाक रखडलं की वीज नुसती मोटर तापवते. पाय थांबवायचे नाहीत, गिअर हलका ठेवायचा.

अण्णांच्याच सायकलला ती बसवावी अशी माझी फार इच्छा होती. मिस्त्रींनी रिम पुसून भोकं मोजली. जुन्या सायकलींची रीत पुढे ३२ स्पोक, मागे ४० अशी. मोटरीच्या हबला ३६. वर सळईचे ब्रेक. रिम बदलली की त्यांचंही बिनसलं असतं. "काका, ही आहे तशीच राहू द्या," मिस्त्री म्हणाले. मला ते पटलं, आणि बरंही वाटलं. मोटर बसली ती माझ्या लोखंडी सव्वीस इंची सायकलवर, मागच्या चाकात.

लोखंडी फ्रेमचा आग्रह माझा होता. हब मोटरीचा एक्सल स्थिर असतो आणि भोवतीचं कवच फिरतं. चाक जेवढ्या जोराने पुढे ढकललं जातं, तेवढ्याच जोराने एक्सल उलटा फिरू बघतो. म्हणून तो दोन बाजूंनी सपाट कापलेला असतो आणि फ्रेमच्या खाचेत अडकतो. खाच फाकली तर एक्सल गरकन फिरतो, त्याच्या पोकळीतून बाहेर आलेली वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटूही शकतं. ॲल्युमिनियमची खाच तडकण्याची भीती जास्त. लोखंडाला सुद्धा टॉर्क आर्मची, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी, पट्टी लावल्याशिवाय मी सायकल दुकानाबाहेर काढली नाही. पट्टीचे दीडशे-दोनशे रुपये वाचवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, बाबांनो, वाचवू नका.

मागचं चाक पंक्चर झालं तर ते उतरवणं जिकिरीचं आहे. अठराचा पाना लागतो, कनेक्टर सोडवावा लागतो. त्यावर उपाय अण्णांच्या वेळच्या पंक्चरवाल्याचाच: चाक जागेवर ठेवायचं, एका बाजूने टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे शोधायचे आणि तिथल्या तिथे ठिगळ लावायचं.