रेषांआडचा हायड्रोजन

सूर्याच्या वर्णपटाचा मोठा फोटो पाहताना नजर ओढली जाते ती जांभळ्या टोकाकडे. तिथे कॅल्शियमच्या दोन रुंद, काळ्याभोर रेषा आहेत. हायड्रोजनची तांबड्यातली रेषा त्यांच्यापुढे बारीकच. सूर्यावर कॅल्शियम उदंड असणार, असेच वाटते. शंभर वर्षांपूर्वी जाणत्यांचीही समजूत होती की तारे पृथ्वीच्याच द्रव्याचे, फक्त तापलेले. गावात माणसे किती, हे आरडाओरड्यावरून ठरवावे तसे ते होते.

१९२० साली मेघनाद साहा यांनी कोलकात्यात एक समीकरण मांडले. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा! तापमान आणि दाब कळला की एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंनी इलेक्ट्रॉन गमावले, हे त्या समीकरणातून निघते. सूर्याच्या पृष्ठभागावर, सुमारे ५,८०० केल्विनला, बहुतेक कॅल्शियम अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन सुटलेला असतो आणि नेमके तेच जांभळा प्रकाश गिळतात. हायड्रोजनच्या दृश्य रेषेसाठी मात्र अणू आधी उत्तेजित असावा लागतो. त्या उष्णतेत तसा कोट्यवधींतून एखादाच. तरीही त्याची रेषा दिसते! मग न दिसणारा हायड्रोजन किती असेल? अभिजित ताऱ्यावर, दहा हजार केल्विनच्या आसपास, त्याच हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत होतात आणि कॅल्शियमची जेमतेम उरते. द्रव्य जवळपास तेच, ताप वेगळा.

हा हिशेब पुरा केला सेसिलिया पेन यांनी. स्त्रियांना पदवी न देणारे केंब्रिज सोडून त्या १९२३ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत आल्या. अ‍ॅनी जंप कॅनन यांनी डोळ्यांनी पारखून वर्गवारी लावलेल्या ताऱ्यांचे वर्णपट तिथे काचेच्या प्लेटांवर होते. पेन यांनी त्यांना साहांचे समीकरण लावले. सिलिकॉन, लोखंड वगैरेंचे आपसातले प्रमाण पृथ्वीशी जुळले. हायड्रोजन मात्र धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला, हेलियमही अफाट.

प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल म्हणाले, हे अशक्य आहे. त्यांच्या शब्दाला फार वजन होते. १९२५च्या प्रबंधात पेन यांनी लिहून टाकले की हे आकडे जवळजवळ नक्कीच खरे नाहीत. पंचविशीतल्या संशोधिकेला स्वतःच्या शोधाविरुद्ध असे लिहावे लागले, याची मला आजही चीड येते. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोहोचले आणि पेन यांच्या कामाशी ते जुळत असल्याचे त्यांनी नोंदवले. पण मला पेन यांचा करारीपणा दिसतो तो प्रबंधातच: निष्कर्षावर त्यांनी शंका लिहिली, तरी कोष्टकातला हायड्रोजनचा आकडा खोडला नाही.