लेहची गाडी

दिल्लीच्या काश्मिरी गेट स्थानकातून उन्हाळ्याचे तीन-चार महिने लेहला थेट बस सुटते. हिमाचल परिवहनची, अगदी साधी. एका बाजूला तिघांचं बाकडं, दुसऱ्या बाजूला दोघांचं, आणि पाठ ताठ. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ तीसेक तास, भाडं दोन हजारांच्या घरात. वाटेत काही अडलं नाही तर. आणि वाटेत काहीतरी अडतंच.

खिसा हलका असलेल्या माणसाला हिमालय दाखवणारी याहून थोर सोय माझ्या माहितीत नाही. ‘दाखवणारी’ म्हटलं खरं, पण ही गाडी काही दाखवायला निघालेलीच नसते. ती निघते पिठाची पोती, टायर, सुट्टी संपवून परतणारे जवान आणि माहेरपण आटोपलेल्या बायका घेऊन. आपण त्यांच्यात मावलो तर मावलो. पोटातलं पाणी हलू नये अशी अपेक्षा असेल तर मागचं बाक टाळावं. मागच्या चाकापलीकडे लोंबणारा तो भाग खड्ड्यागणिक माणसाला टपाकडे भिरकावतो. चाकाच्या पुढची बाकं त्या मानाने सज्जन.

एसटीच्या घंटीच्या दोरीवर वाढलेला कान इथे आधी बावचळतो. हिमाचलात कंडक्टरच्या तोंडात शिट्टी असते. एक लांब फुंकर म्हणजे थांब, दोन तुटक म्हणजे चल, असा आपला मी अंदाज बांधला. वळणावर समोरून ट्रक आला आणि मागे घ्यायची पाळी आली, की कंडक्टर खाली उतरतो, मागच्या चाकाशी उभा राहतो आणि एकसारखी शिट्टी वाजवत राहतो. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्याची कड दिसत नाही, थेट नदी दिसते. शिट्टी चालू आहे तोवर जमीन शिल्लक आहे, एवढंच आपल्याला कळतं. ती थांबली की अख्खी गाडी श्वास रोखते. ड्रायव्हरचं मात्र लक्ष मफलर नीट करण्यात.

पूर्वी मनालीनंतर रोहतांगचा घाट चढावा लागे. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरांचा, आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनी घटलं. घाट हुकल्याची चुटपुट आपल्याला लागते. पूर्वी हिवाळाभर बर्फात कोंडून राहणाऱ्या लाहौलमधल्या आजाऱ्याला आणि अडलेल्या बाईला ती लागत नसणार, तेव्हा आपण गप्प बसावं. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा एकमेकींना मिळतात आणि चंद्रभागा होतात. जम्मूकडे उतरल्यावर तीच चिनाब. पंढरपूरच्या वाळवंटाशी हिचं काही नातं नाही हे पक्कं ठाऊक असूनही हात आपसूक जोडले जातात. शेजारच्या आजीबाईंनी ते पाहिलं आणि काही न विचारता त्यांनीही जोडले.

केलाँगनंतर गाडी भागेच्या उगमाकडे निघते. केलाँगहून लवकर निघण्याला कारण आहे. दिवस वर आला की बर्फ वितळायला लागतं आणि सकाळी घोट्याएवढे असलेले ओढे दुपारी चाकं अडवतात. रस्ता ओलांडून वाहणाऱ्या त्या पाण्यात दगड किती खोल आहे हे ड्रायव्हर पुढच्या ट्रकच्या डुलण्यावरून ओळखतो.

सूरजताल आला तेव्हा गाडीत दोनच माणसं त्याच्याकडे बघत होती. निळंशार पाणी खिडकीतून आलं तसं गेलं. इथे कुणी फोटोला थांबवत नाही. बारालाचा खिंड ओलांडल्यावर मात्र एका उजाड वळणावर गाडी चांगली अर्धा तास थांबली. मजुरांच्या तंबूंसाठी टपावरून पोती उतरायची होती. झारखंडच्या दुमका भागातून ही माणसं दर उन्हाळ्यात इथे येतात आणि बर्फ पडायच्या आत परततात. डांबराची पिंपं पेटवलेली, तोंडाला फडकी बांधलेली, धुरात फक्त डोळे. सीमा सडक संघटनेच्या मिस्कील पाट्यांचे फोटो सगळे काढतात. तो रस्ता हातांनी रचणाऱ्यांना भाड्याच्या मोटारी धूळ देऊन पुढे जातात. त्यांची चिठ्ठी-चपाटी, औषधं, सिमकार्डं या गाडीतून येतात. मला तळ्याहून ही अर्ध्या तासाची खोटी अधिक मोलाची वाटली.

मग सरचू, मग गाटाची एकवीस वळणं. लाचुंगची खिंड उतरून पांगला आलं की दुपारचं जेवण: तंबूत राजमा-चावल नाहीतर मॅगी. टांगलेल्या वेफर्सच्या पुड्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. बाहेर हवेचा दाब कमी, आतली हवा खालच्या मुलुखातली, म्हणून. तंबूवाल्या बाईने एक पुडी फोडली, तेव्हा फटाका वाजल्यासारखे दोघे दचकले. आपल्या डोक्याच्या आतही साधारण तसंच काहीतरी चाललेलं असतं. मोरे पठारावर रस्ता सरळ होतो, लोक पेंगतात, आणि टांगलांगच्या खिंडीशी पोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. उंची ५३२८ मीटर. प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या जरा वर. कंडक्टरने मागे नजर टाकून ओकाऱ्यांच्या पिशव्या वाटल्या, तिकिटं फाडावीत तितक्या सहज. त्यानंतर उतारच उतार. उपशीला सिंधू भेटते आणि शरीर हळूहळू ठिकाणावर येतं.

काटकसरीचा मोह इथेच नडतो. सलग तिकीट काढलं की एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात, पण सपाटीवरचा माणूस दीड दिवसाच्या आत पाच हजार मीटरवर जाऊन आदळतो. विरळ हवेने होणारा आजार तरुण-म्हातारा बघत नाही. तेव्हा जायचं असेल तर तिकीट दोन तुकड्यांत काढा. केलाँगला उतरा, साधी खोली घ्या, भरपूर पाणी प्या, लवकर झोपा आणि मगच लेहची गाडी धरा. डोकं फारच दुखायला लागलं, तोल जायला लागला, तर लाजू नका. खाली उतरणाऱ्या पहिल्या गाडीत बसा.