बदललं तेवढंच

मंडळी, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट आणि हजर लिहायची पद्धत तुम्हाला आठवत असेल. सकाळी मॉनिटर यायचा, तारखेतला एक आकडा पुसायचा, वार बदलायचा, हजरसमोरचा आकडा नवा घालायचा. पट सहसा तोच. एवढ्यासाठी अख्खा फळा पुसून सगळं पुन्हा लिहिणारा मुलगा मला पस्तीस वर्षांत भेटला नाही.

हे आठवायला निमित्त झालं भाच्याचं. तो पुण्यात संगणकाचं काम करतो. गणपतीत नागावला आला की पडवीत लॅपटॉप उघडून बसतो. त्याच्या पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती काळ्यावर हिरवी अक्षरं. मी विचारलं, "हे रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीत दिसायचं तसलं काय रे?"

"तसलंच, मावशी. ह्याला टर्मिनल म्हणतात."

दिल्लीत १९८५ साली रेल्वेचं संगणकी आरक्षण सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतही आलं. खिडकीतल्या त्या यंत्राला स्वतःची अक्कल नसे. दूरच्या मोठ्या संगणकाने तारेवरून अक्षरं पाठवायची आणि ह्याने ती दाखवायची, एवढंच काम.

मग त्याने हिशेब सांगितला, आणि हिशेब म्हटलं की माझे कान टवकारतात! अशा पडद्यावर साधारणपणे २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरं, म्हणजे १९२० अक्षरं. सत्तरच्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं जात. त्रैराशिक मांडा. पूर्ण पडदा भरायला ६४ सेकंद! एक आकडा बदलायचा तर काय करायचं? "बाराव्या ओळीत चाळिसाव्या घरात जा" ह्या हुकमाला आठ अक्षरं लागतात आणि वर तो एक आकडा. नऊ अक्षरांत काम झालं, सेकंदाचा तिसरा हिस्साही लागला नाही.

पण काय बदललंय हे कळणार कसं? त्यासाठी प्रोग्रॅम स्वतःजवळ दोन पानं ठेवतो. एकावर सध्या पडद्यावर काय आहे ते, दुसऱ्यावर काय असायला हवं ते. दोन्ही ताडून बघायची आणि फरक तेवढा पाठवायचा. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी १९८० च्या सुमारास ही सोय सगळ्यांना वापरता येईल अशी बांधली. त्यासाठी बिल जॉय यांच्या 'व्हीआय' ह्या संपादकातलं काम त्यांना उपयोगी पडलं. नाव ठेवलं 'कर्सेस'. कर्सरवरून केलेली कोटी आहे, शाप नव्हे!

त्यातही काटकसर बघा. दोन बदलांच्या मध्ये तीनच अक्षरं तशीच राहिलेली असतील, तर उडी मारण्याचा आठ अक्षरांचा हुकूम महाग पडतो. ती तीन पुन्हा लिहिलेली बरी. आमच्या आईचा वाणसामानाचा हिशेब असाच असे.

आता ह्यातली गोम. प्रोग्रॅम पडदा बघत नाही. तो फक्त स्वतःजवळचं पान बघतो. मधेच दुसऱ्या कोणी पडद्यावर काही लिहिलं, तर ह्याला पत्ताच नाही. हा आपला जुन्या पानावर विसंबून फरक पाठवत राहतो आणि पडद्याचा काला होतो.

आपल्या देवनागरीला हा त्रास जास्त. इंग्रजीत एक अक्षर, एक घर. आपल्याकडे 'क' लिहून झाल्यावर पहिली वेलांटी टाइप केली की ती मागे जाऊन 'क'च्या आधी बसते. जोडाक्षराचं तर विचारूच नका. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि १९८८ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान ह्याच खटाटोपातलं. तरी आजही शब्दाला चार घरं लागली असं प्रोग्रॅमला वाटतं, टर्मिनल देतं पाच, आणि पुढचा बदल भलत्याच घरात जाऊन पडतो.

"मग अशा वेळी काय करता?" मी विचारलं.

"कंट्रोल आणि एल दाबायचं. जुनं पान विसरायचं, सगळा पडदा पुन्हा पहिल्यापासून काढायचा."

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात ताईचे फोन घोळताहेत. ताई ठाण्याला असते. दर रविवारी आमचं बोलणं होतं, आणि आम्हीही बदललं तेवढंच सांगतो. कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, विहिरीचा पंप बिघडला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हाही सगळं सांगितलं होतं. आंबा पडला, पोफळी किती मोडल्या, कौलं किती गेली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

नंतर ती पहिल्यांदा आली ती थेट मागच्या दाराला गेली आणि उभीच राहिली. म्हणाली, "एवढा उजेड कुठून गं आला?" वाडीतली सावली गेल्यामुळे मागच्या खोलीत आता दुपारी ऊन येतं. पूर्वी रात्रीच ऐकू येणारी समुद्राची गाज आता दिवसाही येते. फोनवर सांगायला ह्या काही बातम्या नव्हेत. पडलेली झाडं ताईने आपल्या मनातल्या चित्रातून एकेक करून पुसली होती, पण बाकीचं चित्र जुनंच होतं. त्यात ती खोली अंधारी होती.

चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, "आता तू फोनवर काही सांगितलंस की मला बरोबर जागेवर दिसेल."

तेव्हा पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याला सांगणं एवढंच, की फोन करत राहा, त्याने काम भागतं आणि वेळही वाचतो. पण वर्षातून एकदा तरी येऊन जा. पुढच्या वर्षी मी पंच्याहत्तरीत पदार्पण करतेय, आणि माझ्यातले बदलही सगळेच काही फोनवर सांगण्यासारखे नाहीत.