मधाच्या गावी

आधी एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीत, एका भोकात मधमाश्या राहायला आल्या होत्या. मुलांना चावतील या भीतीने मीच शिपाईदादांना सांगितलं, "संध्याकाळी धूर करून हाकला." दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. चौथीतली एक मुलगी बराच वेळ तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, त्यांनी तर कुणालाच चावलं नव्हतं."

ते वाक्य काही माझी पाठ सोडेना. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये परीक्षा संपताच, नऊ मुलं आणि तीन पालकांना घेऊन मी निघाले मांघरला. ती मुलगीही बरोबर होतीच.

वाईहून एस.टी.ने पसरणीचा घाट चढला. पाचगणी मागे पडली, महाबळेश्वर आलं आणि तिथून जीपने मांघर. सातारा जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आजूबाजूला दाट जंगल. जांभूळ, हिरडा, गेळा अशी झाडं फुलली की माश्यांची चंगळ! कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा सगळा डोंगर त्यांचाच.

एका मधपाळ काकांच्या परसात लाकडी पेट्या होत्या. काकांनी एकीचं झाकण अलगद उचललं. आम्ही चार पावलं मागे!

"घाबरू नका रं. ही सातेरी, गरीब माशी. हात हलवायचे नाहीत, पेटीवर फुंकर मारायची नाही, बास!"

आग्या माशी उंच कड्यावर किंवा झाडावर उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि भारी रागीट असते. सातेरी मात्र ढोलीत, भिंतीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत पाळता येते. आमच्या भिंतीत कोण होतं, ते मला तेव्हा कळलं.

काकांनी एक चौकट वर काढली. वरच्या बाजूला मध, खाली पिल्लांची घरं. त्या मुलीने विचारलं, "काका, माश्या आजारी पडतात का हो?"

"पडतात की! माणसाला पडसं होतं, तसं त्यांचं बी असतं. हे बघ, चांगलं पिल्लू मोत्यासारखं पांढरं, चंद्रकोरीगत वळून पडलेलं. आजारी पिल्लू सरळ ताठ पडतं. चिमट्यानं उचललं तर पाण्याची पिशवीच!"

या रोगाला 'थाई सॅकब्रूड' म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. १९७६ मध्ये तो थायलंडमध्ये आढळला. १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत त्याने सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. कितीतरी घरांचा जोडधंदा बुडाला. त्यावर औषध नव्हतं. मग उपाय? ज्या थोड्या वसाहती तगल्या, त्यांच्यापासूनच पुढच्या वसाहती वाढवायच्या. आजारी पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत घालायची नाही, ही शिस्तही तेव्हापासून पक्की झाली.

माश्यांना आणखी शत्रू आहेत. पेटी अशक्त झाली की मेणाचा पतंग आत शिरतो. त्याच्या अळ्या पोळं पोखरून जाळी विणतात. महाबळेश्वरच्या धो-धो पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही, तेव्हा ही भीती जास्त. "म्हणून पावसाळ्यात साखरेचा पाक द्यायचा आन् पेटी झाडून ठेवायची," काका म्हणाले.

व्हरोवा नावाचा लालसर तपकिरी कोळी-किडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो. तो मूळचा सातेरीच्याच जातीवरचा. ती त्याला अंगावरून झटकते, चावते. जुनी ओळख ना! पण युरोपातली मधमाशी आशियात पाळायला आणली, तेव्हा तो तिच्यावर चढला. तिला त्याची सवयच नव्हती. आज जगभरचे मधपाळ त्याने हैराण आहेत.

आणि गांधीलमाशी आली तर? सातेरीच्या जपानमधल्या बहिणींवर तिथल्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. शेकडो माश्या गांधीलमाशीला घेरून गोळा करतात आणि अंग थरथरवून आतली हवा तापवतात, अगदी ४७ अंशांपर्यंत! गांधीलमाशी मरते, माश्या मात्र तग धरतात.

मग काकांनी मधयंत्र फिरवलं. पोळं न मोडता मध बाहेर! एका आईंनी विचारलं, "शुद्ध मध ओळखायचा कसा? पाण्यात थेंब टाकून?"

काका हसले. "ताई, घट्ट पाक बी पाण्यात तळालाच जातो. आन् मध गोठला म्हंजी साखर घातली, असंबी नाही."

खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. मधात परागकण असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून माश्या कोणत्या फुलांवर गेल्या, हे सांगता येतं. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मधाचा आणि मधमाश्यांचा असा अभ्यास झाला आहे.

निघताना काका म्हणाले, "रोग वळखायला लई शिक्षण लागत नाही, बाई. रोज बघायला लागतं."

पावसाळा सरल्यावर आमच्या शाळेच्या त्याच भोकात पुन्हा सातेरी आली. या वेळी मी धूर केला नाही. जवळच्या मधपाळांना बोलावलं. त्यांनी पोळी अलगद कापून चौकटीला दोऱ्याने बांधली, राणीमाशी शोधून पेटीत ठेवली. मागोमाग बाकीच्या माश्याही आत गेल्या. ती पेटी आता मैदानापलीकडे, चिंचेखाली आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत जाते. तरी शनिवारी येऊन लांब बसते आणि दहा मिनिटांत किती माश्या पायांवर पराग घेऊन परतल्या, ते वहीत लिहिते. गेल्या शनिवारी आकडा एकदम कमी आला. धावतच माझ्याकडे आली.

"बाई, मधपाळ काकांना फोन करा. आपल्या पेटीला बरं नाहीये."

मी लगेच फोन केला.